नदीत हाय का कोणी?

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, कानांवर हात ठेवून ऐकलंत तरी चालेल, कारण हळू बोलणं मला जन्मात कधी जमलं नाही. माझ्या नरड्यात गंज आहे, तोंडाचा कर्णा एका बाजूने चेपला आहे आणि पाठीवर कुऱ्हाडीचा एक खोल घाव आहे. तो घाव मला का बसला, ते सांगायला बसलो आहे. गोष्ट गोड नाही. तिच्यात पाणी भरपूर आहे, पण ते तहान भागवणारं पाणी नाही. ज्यांना परीच्या गोष्टी हव्यात त्यांनी खुशाल खेळायला जावं, मी रागावणार नाही. खरं म्हणजे रागावेन, पण बोलून दाखवणार नाही.

माझा जन्म हैदराबादच्या एका ओतशाळेत झाला. लोखंड वितळवून साच्यात ओतलं, घणाखाली ठोकलं, पोटात मोटार बसवली, मोटारीला पोलादी पंखा जोडला. पंखा गरगर फिरला की हवा तोंडाने बाहेर फेकली जाते आणि मी ओरडतो. एवढंच माझं शास्त्र. पहिल्यांदा मला वाजवलं तेव्हा कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिराने दोन्ही कान दाबून घेतले आणि हसत म्हणाला, "दो कोस जाएगी इसकी आवाज, मियाँ!" त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं फुगून होतो.

तिथून मी आलो वडवणीला, शिवलिंगप्पा नावाच्या व्यापाऱ्याच्या जिनिंगमध्ये. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. शिवलिंगप्पा कपाळाला भस्म लावून सकाळी यायचे आणि आधी माझ्याकडे बघायचे, मग घड्याळाकडे. मी वाजलो की बायका कामाला लागायच्या, मी वाजलो की भाकरी सोडायच्या. गावातल्या कितीतरी लेकरांना माझ्या आवाजावर दूध मिळालं आहे. दसऱ्याला मला तेलपाणी व्हायचं, हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. मी वाजलो म्हणजे वेळ झाली, यात कुणाला शंका नव्हती. मित्रांनो, भोंग्याची अब्रू म्हणजे तेवढीच असते.

पुढे जिनिंग बंद पडलं आणि मी भंगारात गेलो. कोपऱ्यात पडून पडून कोळ्यांनी माझ्या तोंडात जाळी विणली. मग एक दिवस धरणावरचे लोक आले, मला उलटंपालटं करून पाहिलं आणि ट्रकमध्ये टाकून तेलवणी नदीवर घेऊन गेले.

तेलवणी तुम्हाला मोठ्या नकाशात सापडणार नाही. डोंगरातून निघते, कवठवाडी नावाच्या गावाला वळसा घालते आणि पुढे मोठ्या नदीला मिळते. धरण आधीचंच होतं, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं. त्याच्या पायथ्याशी नंतर वीजघर जोडलं. धरणाच्या पोटातलं पाणी जाड लोखंडी नळातून खाली आपटायचं, त्या माऱ्याने मोठं चाक फिरायचं आणि दूर शहरात दिवे लागायचे. धूर नाही, कोळसा नाही, राख नाही. लोक म्हणाले, किती स्वच्छ वीज! मी वीजघराच्या गच्चीवरून खाली पाहायचो आणि मला ती एवढी स्वच्छ दिसायची नाही.

शहरात सगळ्यांना वीज हवी असते ती तिन्हीसांजेला. त्यामुळे दिवसभर त्या नळाचं दार घट्ट बंद. खाली नदी दगडागोट्यांसकट उघडी पडायची, डबकी तापायची. मग संध्याकाळी एकदम दार उघडायचं. दिवसभर उपाशी ठेवलेल्या माणसाच्या घशात एका दमात घागर ओतली तर त्याचं काय होईल? नदीचं रोज तेच व्हायचं. काठ ढासळायचे. कवठवाडीचा म्हसोबा शेंदरासकट नदीत कोसळला. लोकांनी तो उचलून वर आणला, पुढच्या महिन्यात पुन्हा कोसळला.

वीजघर पहिल्यांदा चालू झालं तो दिवस मला अजून आठवतो. पाणी धरणाच्या अगदी तळातून आलं. तिथे बुडालेली झाडं, गोठे, कडब्याच्या गंजी वर्षानुवर्षं कुजत पडल्या होत्या. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. त्या पाण्यात जीव नव्हताच. खालच्या डोहातले शिंगटे आणि खवले मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, एकमेकांवर आपटू लागले आणि दिवस मावळायच्या आत पोटं वर करून तरंगले. कावळे आणि घारी नुसत्या तुटून पडल्या. आषाढात तर याहून वाईट. अंडी घालायला उगमाकडे निघालेले मासे भिंतीवर टकरा मारायचे. मागे फिरायचे, पुन्हा येऊन आदळायचे, डोकी फुटेपर्यंत. त्यांच्या आजापणजाची वाट तीच होती, त्यांना भिंत कोण सांगणार?

माझं काम साधं होतं. चाक सुरू करण्याआधी तीन लांब हाका द्यायच्या. मग खालच्या माणसांना वर चढायला वेळ द्यायचा. मग दार उघडायचं. माझं बटण मुंजाजी नावाच्या पहारेकऱ्याच्या हातात होतं. भला माणूस, पण हंगामी नोकरीचा. ज्याची नोकरी दर वर्षी टांगणीला लागते तो कुणालाही नाही म्हणत नाही.

आणि नाही म्हणायला हवं होतं ते सुंदररावांना. सुंदरराव म्हणजे त्या भागातले मोठे जमीनदार आणि पुढारी. एकदा ते पाहुण्यांना धरण दाखवायला आले. त्यांची गाडी पाहून मुंजाजी गडबडला आणि त्याने मला एकदा वाजवलं. सुंदररावांच्या मिशा फुलल्या. "वा मुंजाजी! मान राखलास गड्या," ते म्हणाले. झालं! त्या दिवसापासून मी मानाचा भोंगा झालो. सुंदरराव आले की वाजव, निघाले की वाजव, वाढदिवसाला वाजव, पुतण्याने रील काढायची म्हणून तीनतीनदा वाजव. एखाद्या वेळी राहिलंच तर खालून आवाज यायचा, "का बे मुंजाजी, हात झिजला का?"

अति तिथं माती, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. खाली नदीत काम करणारी माणसं सुरुवातीला माझ्या हाकेसरशी काठावर पळायची. मग चालत जाऊ लागली. मग मान वर करून "राव आले वाटतं" म्हणायची आणि पुन्हा खुरपं चालवायची. मी कंठ फाटेस्तोवर ओरडायचो आणि खाली लोक हसायचे. मला इतका संताप यायचा की माझी मोटार तापायची. पण भोंग्याला बटण असतं, मित्रांनो, मत नसतं.

नदीत काम कसलं, असं तुम्ही विचाराल. तेलवणीच्या काठची माणसं पाणी ओसरलं की वाळूत टरबूज आणि वाळकाची वाडी करतात. चर खणायचे, शेणखत भरायचं, बी टोचायचं, भोवती काटेरी कुंपण घालायचं. ही रीत धरणाच्याही आधीची. तेव्हा नदी आपल्या वेळेला यायची आणि आपल्या वेळेला जायची, पोरासोरांनाही तिची वेळ ठाऊक असायची. वेलांना पाणी घालायला वाळूत खड्डा खणतात, त्याला झिरा म्हणतात. माणूस उभा बुडेल एवढा खोल. ओल्या वाळूतच पायऱ्या कोरायच्या, खाली उतरायचं, घागर भरायची आणि डोक्यावर घेऊन जपून वर यायचं.

कवठवाडीच्या रामकिसन आणि केसरबाईची वाडी वळणापाशी होती, माझ्या नजरेच्या टप्प्यात. त्यांची काळी जमीन धरणात बुडाली होती. उरली ती ही वाळू. मुलगा अंगद ऊसतोडीला जायचा आणि ही दोघं नवरा-बायको टरबुजं पिकवायची. रामकिसन चेष्टेखोर होता. केसरबाई वेलाला पाणी घालताना तो म्हणायचा, "आगं, मला कधी इतक्या मायेनं पाणी दिलं न्हाईस!" ती त्याच्यावर मातीचं ढेकूळ फेकायची. मला ती दोघं आवडायची. लांबून आवडलेल्या माणसांसाठी भोंगा काय करू शकतो? ओरडू शकतो.

वैशाखातला दिवस होता. दुपार कलताना सुंदरराव पाहुण्यांना घेऊन आले. मला वाजवलं. पाहुण्यांना मौज वाटली, म्हणून पुन्हा वाजवलं. मग दिवस मावळायला टेकला आणि चाक सुरू करायची वेळ झाली. मुंजाजीने बटण दाबलं. तीन लांब हाका. माझ्या जन्मात मी इतक्या जोराने ओरडलो नव्हतो.

पुढचं सगळं मला केसरबाईने नंतर सांगितलं. ती काठावर दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी टोपल्या भरत होती. रामकिसन शेवटच्या घागरीसाठी झिऱ्यात उतरला होता. तिने हाक मारली, "आवं, भोंगा वाजायलाय बगा. या वर."

झिऱ्यातून त्याचा आवाज आला, "आगं, राव निघाले आसतील. निरोप द्यायलेत त्यांला. तू भर तुझी टोपली."

मग टिटव्या उठल्या. टिटवीला मानपान कळत नाही, तिला पाणी कळतं. वळणावरून तांबूस पाण्याची भिंत आली. तिने काटेरी कुंपण उपटलं आणि पुढे ढकलत आणलं. पिकलेली टरबुजं दगडांवर आपटून फुटली, लाल गर सगळीकडे उडाला. केसरबाई नवऱ्याच्या नावाने किंचाळत वाळूत धावली. पाण्याने तिला उचलून बाभळीवर फेकलं, काट्यांनी दंड खांद्यापर्यंत फाटला. झिऱ्याच्या कडा आत कोसळल्या. वाळूने आधी त्याला गाडलं, मग पाण्याने उकरून नेलं. सकाळी तो पुलाखाली मुळ्यांमध्ये अडकलेला सापडला. तोंड वाळूने भरलं होतं, आणि फुटलेल्या घागरीचा काठ अजून मुठीत होता.

बातमी ऐकून अंगद फडावरून धावत आला. बापाला अग्नी दिला आणि स्मशानातूनच तो गाव घेऊन वीजघरावर चालून आला. काठ्या, कुऱ्हाडी, दगड. काचा फुटल्या, टेबलं मोडली. मुंजाजी हात जोडून म्हणत होता, "आरं मी वाजवलता, देवाशपथ वाजवलता!" कुणी ऐकलं नाही. लोखंडी गज त्याच्या हातावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी गच्चीवरून ऐकला. मग ते माझ्याकडे वळले. मला खांबावरून उखडलं, खाली फरशीवर आपटलं, लाथांनी तुडवलं. अंगदने कुऱ्हाड उचलून माझ्या पाठीत घातली. "खोटारड्या! खोटारड्या!" तो रडत होता आणि घाव घालत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ज्याच्या मिशांसाठी मी वाजत होतो तो घरी पंख्याखाली बसला होता.

अंगदने कुऱ्हाड मुंजाजीवर उगारली तेव्हा केसरबाई पोहोचली. केस सुटलेले, दंडाला रक्ताने भिजलेलं फडकं. तिने पोराच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की तो जागच्या जागी बसला. मग ती वीजघराच्या साहेबाकडे वळली. साहेब म्हणजे वीरेश, शिरूर कासारच्या दुकानदाराचा मुलगा, तरुण इंजिनिअर. तो भिंतीला टेकून उभा होता.

"तुमी भोंगा वाजवता, ते झालं," ती म्हणाली. "पर पाणी सोडायच्या टायमाला नदीत कोणी हाय का न्हाई, हे कोण बगतं?"

वीरेशने फुटलेल्या खिडकीतून खाली नदीकडे पाहिलं. मग म्हणाला, "कोणीच नाही, मावशी."

तिने मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. "मग हा भोंगा मला द्या. ह्यानं माझ्या मालकाला हाक मारलती. आमीच आलो न्हाई त्या हाकंला."

अंगदने मला बैलगाडीत घालून नदीत आणलं. केसरबाई बुजलेल्या झिऱ्यापाशी, नदीच्या मधोमध बसली आणि मला शेजारी ठेवलं. सुंदररावांची माणसं मला पळवतील म्हणून अंगदने मोटेच्या लांब, जाड नाड्याने मला काठावरच्या बाभळीला बांधलं. तिचं मागणं एकच होतं. पाणी सोडण्याआधी नदीत माणूस आहे की नाही ते बघायचं, आणि खालच्या गावाने हो म्हटल्याशिवाय दार उघडायचं नाही. तोवर ती उठणार नव्हती. आणि ती बसली होती तोवर चाक फिरवणं म्हणजे तिला मारणं होतं.

चाक थांबलं. वरच्या ऑफिसातून वीरेशला फोनवर फोन येऊ लागले. उंटावरून शेळ्या हाकणारी ती माणसं, त्यांनी तेलवणी कधी पाहिलीही नव्हती. सुंदररावांची माणसं लाठ्या घेऊन नदीत उतरली, तेव्हा गावाने दगडांनी उत्तर दिलं. दोन्हीकडची डोकी फुटली, वाळूवर रक्ताचे थेंब पडले. शेवटी, वीरेशने पुढे सांगितलं तसं, सुंदरराव स्वतः वीजघरात आले. "एक बाई उठवता येत न्हाई तुमाला?" ते गरजले. "मी उठवतो. ती काठावर गेली की माझ्या गाडीचा हॉर्न वाजवतो. हॉर्न ऐकला की फिरवायचं चाक."

"साहेब, हॉर्नवर चाक फिरवणं बरोबर नाही," वीरेश म्हणाला. "डोळ्यांनी बघून फोन करा."

"नदीत रेंज आसती का बे?" असं म्हणून त्यांनी आपली दोन दांडगी माणसं वीरेशच्या डोक्यावर उभी केली आणि ते निघाले.

त्यांच्या गाडीचा हॉर्न म्हणजे माझा धाकटा भाऊच, पाच सुरांत बोंबलणारा. गाडी उतारावरून थेट वाळूत आली. ड्रायव्हर शिवशंकर याची एक सवय होती. साहेब चारचौघांत उतरले की मान म्हणून हॉर्न द्यायचा. साहेबांनीच लावलेली सवय. सुंदररावांनी पांढरा बूट वाळूत ठेवला आणि शिवशंकरने लांबलचक हॉर्न दिला.

त्याच्या लक्षात आलं नाही. सुंदररावांच्याही आलं नाही. जन्मभर ज्या आवाजाने छाती फुगते तो आवाज माणूस ऐकतच नाही. वर वीजघरात मात्र तो ऐकला गेला. "वाजला! उठली बाई!" दांडग्यांनी वीरेशची मान धरून त्याला यंत्रापुढे ढकललं.

खाली सुंदरराव घसा साफ करून म्हणत होते, "वहिनी, रामकिसन मला भावावानी व्हता. पर धरण काय कोणासाठी थांबतंय का?"

टिटव्या उठल्या. केसरबाई ताडकन उभी राहिली.

"हां, आता कशा शाण्यावानी उठल्या," सुंदरराव म्हणाले.

"पाणी!" ती किंचाळली. "पळा! पाणी आलंय!"

केसरबाईसह गाव काठाकडे पळालं. शिवशंकर गाडी सोडून पळाला. सुंदररावांचे बूट ओल्या वाळूत रुतले. पाण्याने त्यांना गुडघ्यातून तोडल्यासारखं खाली पाडलं. गाडी कलंडली, उलटली आणि तिचा हॉर्न अडकला. ती पाण्याखाली बोंबलत वाहत गेली, आवाज गुरगुरत बारीक होत होत बंद पडला. मीही उचलला गेलो. नाडा ताणला गेला आणि मी प्रवाहात दगडांवर आपटू लागलो. तेवढ्यात कुणीतरी माझ्या कर्ण्याला मिठी मारली. सुंदरराव होते. त्यांचा एक पाय वेडावाकडा लोंबत होता.

बाभळीवरची गाठ सरकू लागली. केसरबाईने नाडा दोन्ही हातांनी धरला, टाचा मातीत रोवल्या. फाटलेल्या दंडाची जखम पुन्हा उघडली आणि नाडा लाल झाला. अंगद शेजारी आला. त्याने नाड्याला हात लावला नाही. त्याने कुऱ्हाड उचलली.

"सोड, माय. जाऊ दे त्याला. माझा बाप जसा गेला तसा जाऊ दे."

मित्रांनो, खरं सांगू? त्या क्षणी मलाही वाटलं, तुटू दे नाडा. माझ्या गळ्याशी लोंबणारा तो माणूस मला दगडापेक्षा जड झाला होता. पण केसरबाईने आपला रक्ताळलेला दंड नाड्यावर आडवा ठेवला.

"हाण," ती म्हणाली. "आधी ह्या हातावर हाण. तुझा बाप बुडाला तवा दोर धरायला कोणी नव्हतं. आज मी हाय."

अंगदची कुऱ्हाड हवेतच राहिली. मग ती गळून पडली आणि त्याने नाडा धरला. माय-लेकांनी आम्हा दोघांना ओढून काठावर काढलं. सुंदरराव पालथे पडून वाळू आणि पाणी ओकत होते. मिशा चिखलाने माखल्या होत्या. केसरबाई त्यांच्याजवळ बसली आणि तिने विचारलं, "हाक ऐकू आली का, राव? पाणी यायच्या आधी?"

त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

"आमाला बी न्हाई आली, भोंगा तेवढा आला," ती म्हणाली. तेवढं बोलून ती उठली आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

मग वरातीमागून घोडं यावं तसे मोठे साहेब आले. पण आले, आणि या वेळी खाली उतरून बाभळीखाली बसले. वीरेशने सगळं खरं सांगितलं, स्वतःची नोकरी जाईल याची पर्वा न करता. कवठवाडीची माणसं बोलली, मासे धरणारे भोई बोलले, वाडीवाले बोलले. धरण बांधण्याआधी जे विचारायला हवं होतं ते बांधल्यानंतर विचारलं गेलं. आता दार दिवसभर थोडं उघडं असतं, एक बारीक धार सतत वाहते आणि डोहांत जीव राहतो. संध्याकाळी चाक एकदम सुरू होत नाही, पाणी हळूहळू वाढवतात, म्हणजे काठ ढासळत नाहीत. तळातलं मेलेलं पाणी सोडत नाहीत, वरच्या थरातलं जिवंत पाणी घेतात. माशांच्या अंड्यांच्या दिवसांत चाक विश्रांती घेतं. नदीच्या वरच्या अंगाला आणखी एक भिंत घालायची ठरली होती, तो बेत गुंडाळला. त्याऐवजी कालव्याच्या उतारावर, जिथे पाणी तसंही खाली पडत होतं, तिथे लहान चाक बसवलं. ना कुणाची जमीन बुडाली, ना कुणाची नदी अडली.

सगळं भलं झालं असं मी म्हणणार नाही. बुडालेली काळी जमीन वर आली नाही. मासे अजून भिंतीवर आदळतात. रामकिसन तर गेलाच. सुंदरराव कुबडी घेऊन धरणावर येतात, अजून मिशांना पीळ भरतात, पण भोंग्याचं नाव काढत नाहीत.

मी आता धरणावर नाही. कवठवाडीच्या काठावर, त्याच बाभळीशेजारी लोखंडी खांबावर उभा आहे. गावच्या लोहाराने माझी मोटार काढून हाताने फिरवायचा दांडा बसवला, कारण धरणाची वीज शहरात जाते आणि कवठवाडीत ऐन वेळी लाइट नसते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय? मुंजाजीचा हात वाकडाच जुळला. ज्या अंगदच्या गर्दीने तो मोडला, तोच अंगद त्याला रोज मोटारसायकलवर घेऊन येतो. मुंजाजी सांगतो आणि अंगद मला तेल घालतो. दोघं फारसं बोलत नाहीत.

पूर्वी धरण हाक द्यायचं आणि नदीने ऐकायचं. आता नदी हाक देते आणि धरणाने ऐकायचं. मी वाजेपर्यंत दार त्या बारीक धारेपेक्षा जास्त उघडत नाही, मग वर कितीही मोठा पाहुणा घड्याळ बघत उभा असो. तुम्ही उद्या मोठे व्हाल, मित्रांनो. कुणी धरण बांधाल, कुणी रस्ता, कुणी कारखाना. बांधा, जरूर बांधा. पण बांधण्याआधी खाली उतरा आणि बघा तिथे कोण राहतं. माणूस असेल, मासा असेल, टिटवीचं घरटं असेल. नुसती हाक मारली म्हणजे काम झालं असं समजू नका. उत्तर येईपर्यंत थांबा.

रोज दिवस कलला की केसरबाई नदीत उतरते. वळणापर्यंत चालत जाते, प्रत्येक वाडीत, प्रत्येक झिऱ्यात डोकावते. माघारी येताना जिथे त्यांचा झिरा होता तिथे उभी राहते आणि हाक मारते, "नदीत हाय का कोणी?"

उत्तर येत नाही. नदी रिकामी असते. ती काठावर येते, माझ्या दांड्याला हात लावते आणि तशीच उभी राहते. पहिल्या दिवशी अंगदने विचारलं होतं, "आता कावून थांबलीस, माय? रिकामी हाय की."

"थांब जरा," ती म्हणाली. "भरली घागर घेऊन झिऱ्यातून वर यायला टाइम लागतो."

अंगदने पुन्हा कधी विचारलं नाही. रोज तेवढा वेळ आम्ही चौघं थांबतो, आणि मग ती दांडा फिरवते.